स्वातंत्र्य आणि स्वराज्य

गेल्या प्रजासत्ताकदिनीं झेंडावंदन आटोपून मुलें रांगेनें वर्गांत परतत असतां आठवींतील एका विद्यार्थ्यानें मला जिन्यावर थांबवून विचारलें, "सर, आपणांस स्वातंत्र्य एकदांच मिळालें ना? मग झेंडा वर्षांतून दोनदां कां लावावयाचा?" घंटा झाली होती. मीं घाईघाईनें एवढेंच सांगितलें कीं, एक दिवस स्वातंत्र्याचा आणि दुसरा राज्यघटनेचा. त्यानें मान डोलावली व तो निघून गेला. परंतु त्याचें समाधान झालें नव्हतें हें त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतें. आणि खरें सांगावयाचें तर माझेंहि झालें नव्हतें. त्या प्रश्नाचें उत्तर स्वस्थपणें द्यावें, आणि तें त्याच्याबरोबर इतर विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्या माणसांसहि वाचतां यावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'स्वातंत्र्य' आणि 'स्वराज्य' हे दोन शब्द आपण बोलतांना बहुधा एकाच अर्थानें वापरतों. पण त्यांत भेद आहे. 'तंत्र' म्हणजे नियमन किंवा व्यवस्था. जो दुसऱ्याच्या तंत्रानें चालतो तो परतंत्र, आणि ज्याच्यावर दुसऱ्याचें तंत्र उरलें नाहीं तो स्वतंत्र. परकी सत्ता गेली कीं राष्ट्र स्वतंत्र झालें. ही घटना एखाद्या ठराविक दिवशीं, ठराविक घटकेला घडूं शकते. स्वराज्य म्हणजे आपण आपल्यावर राज्य करणें. तें एकदां घडून संपत नाहीं. तें रोज करावें लागतें. शेतकऱ्याच्या घरांतील मुलांना ही गोष्ट लवकर समजेल. शेताचा सातबारा आपल्या नांवावर चढणें ही एक गोष्ट, आणि तें शेत पिकविणें ही दुसरी. सातबारा नांवावर झाला म्हणून कणगींत धान्य येऊन पडत नाहीं. उलट, शेत कितीहि मेहनतीनें पिकविलें, तरी सातबारा दुसऱ्याच्या नांवावर असेल तर खळ्यावरील राशीवर आपला हक्क चालत नाहीं. म्हणून दोन्ही गोष्टी हव्यात. पण त्या दोन आहेत, एक नव्हे.

आतां त्या दोन तारखा घेऊं. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं ब्रिटिश पार्लमेंटची या देशावरील सत्ता संपली. परंतु त्या दिवशीं आपला देश प्रजासत्ताक झाला नाहीं. तो ब्रिटिश राष्ट्रसमूहांतील एक वसाहतीचें स्वराज्य असलेला देश झाला. सहावे जॉर्ज हे नांवाला कां होईना, आपले राजेच राहिले. त्यांचे प्रतिनिधि म्हणून प्रथम लॉर्ड माउंटबॅटन व जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी हे गव्हर्नर जनरलच्या जागीं होते. देशाचा कारभारहि पूर्वीच्याच १९३५ च्या कायद्यांत फेरफार करून चालविला जात होता. तोंवर दिल्लींत घटनासमितीचें काम चालू होतें. तिची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजीं भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे मसुदा समितीचे अध्यक्ष होते, आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं घटना संमत झाली. ती पूर्णपणें अमलांत आणण्यासाठीं २६ जानेवारी १९५० हा दिवस मुद्दाम निवडला. डिसेंबर १९२९ मध्यें लाहोरच्या काँग्रेसनें पूर्ण स्वराज्याचा ठराव केला होता, आणि त्यानुसार २६ जानेवारी १९३० रोजीं देशभर लोकांनीं स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेतली होती. त्या दिवसाची आठवण राहावी म्हणून ही निवड. तेव्हां माझ्या विद्यार्थिमित्राला उत्तर असें: १५ ऑगस्टला दुसऱ्याचा अंमल संपला, आणि २६ जानेवारीला आपण कोणत्या नियमांनीं आपला कारभार करूं हें आपण आपल्याला बांधून घेतलें. पहिल्या दिवशीं सातबारा नांवावर झाला. दुसऱ्या दिवशीं औत धरलें.

असाच क्रम आपल्या शेजारच्या गोव्यांत दिसतो. तेथील पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजीं संपली. परंतु आपला कारभार कसा चालावा हें ठरविण्यास तेथील लोकांना पुढें अनेक वर्षें लागलीं. डिसेंबर १९६३ मध्यें तेथें विधानसभेची पहिली निवडणूक झाली. गोव्यानें महाराष्ट्रांत सामील व्हावें कीं केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळें राहावें, हा प्रश्न १६ जानेवारी १९६७ रोजीं थेट लोकांनाच विचारण्यांत आला, आणि त्यांनीं वेगळें राहण्याच्या बाजूनें कौल दिला. महाराष्ट्रांतील पुष्कळांना तो निकाल रुचला नाहीं, तरी तो मानला गेला. पुढें ३० मे १९८७ रोजीं गोवा हें घटक राज्य झालें. आपल्याला न आवडलेला कौल मान्य करणें, हा स्वराज्याचा पहिला धडा होय.

कोणी विचारील, स्वराज्य जर रोजच्या कारभारांत असतें, तर तें इंग्रजांच्या अमलांतहि थोडेंथोडें करतां आलें नसतें काय? तसा प्रयत्न झाला, आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. सन १८८२ मध्यें लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव काढून नगरपालिका व लोकल बोर्डें यांत लोकनियुक्त सभासद असावेत असें धोरण ठरविलें. १९०६ सालीं कलकत्त्याच्या काँग्रेसमध्यें अध्यक्षपदावरून दादाभाई नौरोजी यांनीं 'स्वराज्य' हा शब्द उच्चारला. १९१६ च्या एप्रिलांत लोकमान्य टिळकांनीं होमरूल लीग स्थापन केली; तिचे पहिले अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा हे होते. या ख्रिस्ती गृहस्थांस लोक प्रेमानें 'काका' म्हणत, आणि १९२५ सालीं ते मुंबईचे महापौर झाले. पुढें १९१९ च्या कायद्यानें प्रांतांत द्विदल राज्यपद्धति आली. तिच्यांत शिक्षण, आरोग्य, शेती हीं खातीं हिंदी मंत्र्यांकडे दिलीं. परंतु खजिना आणि पोलीस हीं गव्हर्नराच्या हाताखालींच राहिलीं. म्हणजे शाळा काढण्याचा अधिकार एकाकडे, आणि शाळेसाठीं पैसा देण्याचा अधिकार दुसऱ्याकडे!

१९३५ च्या कायद्यानें ही त्रुटि बरीच भरून काढली. १९३७ सालीं निवडणुका होऊन प्रांतोप्रांतीं लोकनियुक्त मंत्रिमंडळें आलीं. मुंबई इलाख्यांत बाळासाहेब खेर मुख्य मंत्री झाले. कामाला उत्साहानें आरंभ झाला. परंतु ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉयांनीं या देशांतील एकाहि लोकप्रतिनिधीला न विचारतां हिंदुस्थान युद्धांत सामील झाल्याचें जाहीर केलें. त्या वर्षाच्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनीं राजीनामे दिले. ज्या राष्ट्राला आपले रस्ते व दवाखाने सांभाळण्याची मुभा आहे, पण आपले पुत्र कोणत्या रणांगणावर जावेत हें ठरविण्याची नाहीं, त्याचें स्वराज्य दुसऱ्याच्या मर्जीवर उभें असतें. स्वातंत्र्यावांचून स्वराज्य टिकत नाहीं, हें त्या दिवशीं सर्वांना उमगलें.

याच काळांत आपल्या साताऱ्याकडे एक निराळाच प्रयोग झाला. औंध हें एक लहानसें संस्थान होतें. तेथील राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून पुष्कळांस ठाऊक आहेत. या राजानें कोणी तख्त हिसकावून घेण्यापूर्वीं आपण होऊन आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नांवाचे पोलंडचे एक इंजिनियर यांनीं त्यासाठीं खटपट केली. महात्मा गांधींनीं घटनेच्या आंखणींत मार्गदर्शन केलें. आणि जानेवारी १९३९ मध्यें औंधाची स्वराज्याची घटना जाहीर झाली. तिचा पाया गांवची पंचायत हा होता. गांवानें आपले पंच निवडावे, गांवच्या पंचायतींतून तालुक्याचा कारभार उभा राहावा, आणि त्यांतून संस्थानचें विधिमंडळ, अशी ती रचना होती. ती पायाकडून कळसाकडे जाणारी होती. १९४८ च्या मार्चमध्यें औंध हिंदी संघराज्यांत विलीन झालें आणि तो प्रयोग तेथें थांबला.

त्याच औंधानें आटपाडी भागांत 'स्वतंत्रपूर' नांवाची वसाहत वसविली. तिच्यांत राहावयास आणलेले लोक कोण होते? शिक्षा झालेले कैदी. त्यांच्याभोंवतीं तट नव्हता. त्यांनीं आपल्या कुटुंबांसह राहून शेती करावयाची होती. पळून जाण्यास कोणाची आडकाठी नव्हती, ती केवळ ज्याच्या त्याच्या मनाची. या कल्पनेवर पुढें १९५७ सालीं व्ही. शांताराम यांनीं 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. मला वाटतें, स्वराज्याचा गाभा या कैद्यांच्या वसाहतींत जितका स्पष्ट दिसतो तितका मोठ्या राजधानींतहि दिसत नाहीं. पहारेकरी गेल्यावरहि मनुष्य योग्य तेंच करतो कीं नाहीं, एवढाच तेथें प्रश्न असतो. आणि राष्ट्राच्या बाबतींतहि तोच असतो.

पहारेकरी गेल्यानंतर आपल्या राष्ट्रानें पहिलें मोठें धाडस केलें तें मतदानाचें. इंग्रजी अमदानींत मताचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून असे. नव्या घटनेनें एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला तो एकदम दिला. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळांत पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदार सतरा कोटींहून अधिक, आणि त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून उमेदवारांना चिन्हें देण्यांत आलीं. मतदारांच्या याद्या तयार करतांना एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. कित्येक प्रांतांत असंख्य स्त्रिया आपलें नांवच सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढेंच त्या सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी मान्य केल्या नाहींत, आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गाळावीं लागलीं. पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतील पुष्कळींनीं आपलीं नांवें नोंदविलीं. माझ्या विद्यार्थिनींनीं हें अवश्य लक्षांत ठेवावें. राष्ट्र स्वतंत्र झालें, पण आपलें नांव उच्चारण्याचें धैर्य प्रत्येकीला स्वतःच मिळवावें लागलें. मतदानाचें वय १९८९ पासून अठरा वर्षें झालें आहे. तेव्हां दहावीच्या बांकावर बसणाऱ्यांस फार दिवस वाट पाहावयाची नाहीं.

आपल्या शाळेंत नाना धर्मांचीं मुलें एका बांकावर बसतात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्वीच्या कायद्यांत कांहीं धर्मांच्या लोकांना स्वतंत्र मतदारसंघ होते. हिंदी ख्रिस्त्यांनाहि होते. घटनासमितींत अल्पसंख्याकांचा प्रश्न निघाला तेव्हां भय खरें होतें. कारण देशाची फाळणी होऊन रक्तपात झाला होता, आणि बहुसंख्याकांच्या राज्यांत आपलें काय होईल ही शंका कोणाच्याहि मनांत येणें स्वाभाविक होतें. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुकर्जी हे बंगालचे ख्रिस्ती गृहस्थ होते; पूर्वीं ते कलकत्ता विद्यापीठांत इंग्रजीचे प्राध्यापक होते. धार्मिक अल्पसंख्याकांनीं राखीव जागा मागूं नयेत, शेजाऱ्याच्या न्यायबुद्धीवर विश्वास टाकावा, अशी भूमिका त्यांनीं घेतली, आणि १९४९ च्या मे महिन्यांत तसें ठरलें. शतकानुशतकें अन्याय सोसलेल्या अनुसूचित जाति-जमातींच्या राखीव जागा मात्र योग्य कारणानें राहिल्या. हा विश्वास ज्यांनीं टाकला त्यांच्याकडे त्याचें धैर्य जातें. ज्यांच्यावर टाकला त्यांच्याकडे तो पाळण्याची जबाबदारी येते. बहुमत म्हणजे राज्य करण्याचा अधिकार. दुबळ्याला तुडविण्याचा परवाना नव्हे.

राज्य आपल्याच माणसांच्या हातीं आलें म्हणजे स्वराज्य आपोआप टिकतें, असें समजण्याचें कारण नाहीं. २५ जून १९७५ रोजीं देशांत आणीबाणी पुकारली गेली. विरोधी पुढाऱ्यांस चौकशीवांचून तुरुंगांत टाकलें. वर्तमानपत्रांवर सरकारी नजर बसली. राज्यकर्ते परके नव्हते, आणि देश स्वतंत्रच होता. परंतु एकवीस महिने नागरिकाला मोकळेपणानें बोलतां येत नव्हतें. मार्च १९७७ मध्यें निवडणूक झाली, तेव्हां ज्या साध्या मतदारांना पुष्कळ शहाणे लोक अडाणी म्हणत, त्यांनींच सत्तारूढ पक्षाला खालीं उतरविलें, आणि सत्ता शांतपणें दुसऱ्या हातीं गेली. घटना संमत होण्याच्या आदल्या दिवशीं, २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं, डॉ. आंबेडकरांनीं याच धोक्याची सूचना दिली होती. राजकारणांत कोणाहि थोर पुरुषाच्या चरणीं आपलें स्वातंत्र्य वाहूं नये असें ते म्हणाले; आणि यापुढें कांहीं बिघडलें तर दोष देण्यास इंग्रज उरले नाहींत, दोष आपलाच असेल, असेंहि त्यांनीं बजावलें. मतांत समता आली तरी समाजांत व संसारांत विषमता राहिली, तर हा डोलारा फार काळ उभा राहणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें आजहि पालकांनीं मुलांना वाचून दाखविण्यासारखें आहे.

मग सामान्य माणसानें स्वराज्य करावें तें कोठें? दिल्ली दूर आहे, पण गांवची ग्रामसभा दूर नाहीं. १९९२ सालीं संमत झालेली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली. तिनें ग्रामसभेला घटनेंत स्थान दिलें, पंचायतींच्या निवडणुका दर पांच वर्षांनीं घेण्याचें बंधन घातलें, आणि किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठीं राखल्या. महाराष्ट्रांत हा वाटा २०११ पासून निम्मा झाला. गांवांतील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. पाण्याच्या योजनेचा खर्च किती झाला, शाळेच्या भिंतीचा पैसा कोठें गेला, हें तेथें उभें राहून विचारतां येतें. औंधच्या राजानें जें आपण होऊन दिलें होतें, तें आज प्रत्येक गांवाला कायद्यानें मिळालें आहे. परंतु सभेच्या दिवशीं पारावर चारच माणसें जमत असतील, तर दोष कायद्याचा नव्हे. पालकबंधुभगिनींनो, पुढच्या सभेला जातांना आपल्या मुलामुलींनाहि बरोबर न्या. नागरिकशास्त्राचा तेवढा चांगला तास मला वर्गांत घेतां येणार नाहीं.

शेवटीं माझ्या स्वतःच्या चुकीची एक गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गाच्या मुलांनीं पुस्तकांच्या कपाटाची किल्ली आपल्याकडे मागितली, आणि मीं ती दिली. महिन्याभरांत दोन पुस्तकें हरवलीं. मला राग आला. मीं भर वर्गांत किल्ली परत मागून घेतली आणि खिशांत टाकली. त्यानंतर सहामाहीअखेरपर्यंत एकहि पुस्तक हरवलें नाहीं. मोठ्या समाधानानें मीं नोंदवही उघडली, तेव्हां ध्यानांत आलें कीं, त्या काळांत एकहि पुस्तक वाचलेंहि गेलें नव्हतें. मुलांनीं माझ्याकडे किल्ली मागण्याचेंच सोडून दिलें होतें. मला लाज वाटली. दुसऱ्या सहामाहीच्या पहिल्या दिवशीं मीं किल्ली टेबलावर ठेवली आणि सांगितलें, "नियम तुम्ही करा, मी मोडणार नाहीं." त्यांनीं दोन तास वाद घातला. वही कोणी लिहावी, पुस्तक किती दिवस ठेवावें, हरवल्यास भरपाई कशी व्हावी, हें सर्व त्यांनींच ठरविलें. आणि शिक्षकानेंहि पुस्तक नेतांना वहींत सही करावी, असा एक नियम घातला. मीं तो मुकाट्यानें पाळला. हरवलेल्या दोन पुस्तकांपैकीं एक कोणीतरी गुपचूप परत आणून ठेवलें. दुसरें आजतागायत सांपडलेलें नाहीं. त्याची किंमत मुलांनीं आपसांत वर्गणी काढून भरली.

इंग्रज म्हणत कीं, हिंदी लोक राज्य करण्यास लायक झाले म्हणजे त्यांस राज्य देऊं. मीं माझ्या वर्गांत नकळत हेंच केलें होतें. चालावयास शिकल्यावांचून मुलाला जमिनीवर सोडूं नये असें जर आईनें ठरविलें, तर तें मूल कधींच चालणार नाहीं. लायकी कामांतूनच येते, आणि काम करूं दिलें तरच चुका होतात, कळतात व सुधारतात.

म्हणून, माझ्या आठवींतील मित्रा, झेंडा वर्षांतून दोनदां लावावयाचा. ऑगस्टांत तो उंच चढतांना पाहशील तेव्हां, ज्यांनीं तो तेथवर नेला त्यांचें ऋण आठव. जानेवारींत पाहशील तेव्हां, ती किल्ली आतां आपल्या हातीं आहे हें आठव. आणि वर्गांत परत जातांना, आपण नेलेल्या पुस्तकाची वहींत नोंद केली आहे ना, तें पाहा.